रोज दहा शब्द पाठ, तरी कॉलवर ‘गुड’ आणि ‘प्रॉब्लेम’च

वाचकाचा प्रश्न

पत्र लिहिणाऱ्या वाचक ३४ वर्षांच्या आहेत. लातूर जिल्ह्यात मराठी माध्यमात शिकल्या, बी.फार्म. केलं, आता पुण्याजवळच्या एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागात काम करतात. इंग्रजी अहवाल आणि ईमेल रोज लिहितात, रात्री झोपण्यापूर्वी इंग्रजी गुन्हेकथा वाचतात आणि पानाला चार-पाच शब्दच अडतात असं सांगतात. ऑनलाइन चाचणीत त्यांची पातळी ‘बी २’ आली (भाषा येण्याच्या सहा पायऱ्यांपैकी खालून चौथी, तिच्या वरची ‘सी १’). परदेशी ग्राहकांबरोबर कॉल सुरू झाला की मात्र तोंडातून तेच ते ‘गुड’, ‘प्रॉब्लेम’, ‘इश्यू’, ‘व्हेरी’ बाहेर पडतात. वर्षभर त्या एका अॅपमधून आणि स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातल्या यादीतून रोज दहा शब्द पाठ करत आहेत. तिसरी वही भरत आली. आठवड्याने निम्मे शब्द आठवत नाहीत, आणि आठवतात ते वापरायला जागा मिळत नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली सहकारी त्यांच्या बाजूला बसते, तिचं ऐकून आणखी खचायला होतं. इंग्रजी सुधारावं म्हणून त्यांनी मराठी वाचन बंद केलं आहे. पुढच्या ऑडिटमध्ये तपासनिसांसमोर विभागाची बाजू त्यांनीच मांडायची, असं साहेबांनी सांगितलं आहे. ‘९० दिवसांत ३००० शब्द’ अशी जाहिरात करणारा क्लास लावावा का, रोजच्या दहाचे वीस शब्द करावेत का आणि या वयात हे जमेल का, असं त्या विचारतात.

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी त्यातल्या इंग्रजी शब्दांखाली रेघा मारत गेले. डेव्हिएशन (म्हणजे ठरलेल्या पद्धतीपासून झालेली फारकत), कॅलिब्रेशन, कंटॅमिनेशन, ट्रेसेबिलिटी. हे शब्द तुम्ही बोलता बोलता लिहून गेला आहात, कुठेही अडखळला नाहीत. सर्वसाधारण इंग्रजीत हे शब्द काही रोज भेटणारे नाहीत. तरी ते तुमचे झाले, आणि त्यातला एकही वहीत लिहून पाठ केलेला नाही. रोज त्यांच्याशी काम पडलं, चुकलं तर कुणीतरी दुरुस्त केलं, पुन्हा लिहावे लागले. शब्द शिकण्याची एक रीत तुम्हाला आधीच साधलेली आहे. ती सोडून तुम्ही वर्षभर दुसऱ्याच रीतीवर कष्ट घेत आहात.

तुमचं पहिलं गृहीतक असं की तुमची शब्दसंपत्ती तोकडी आहे. ते तपासून बघू. न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमधल्या विद्यापीठात पॉल नेशन नावाच्या अभ्यासकांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं. त्यांनी २००६ मध्ये मांडलेला हिशेब आजही शिक्षक वापरतात. कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत आणि त्यासाठी ८ ते ९ हजार शब्दकुटुंबं लागतात. (शब्दकुटुंब म्हणजे ‘यूज, यूजर, यूजफुल, यूजलेस’ हे सगळे मिळून एक.) ९८ टक्के म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. ३०० शब्दांच्या पानावर सहा. तुमच्या गुन्हेकथेत पानाला चार-पाचच अडतात. ही मोजणी ढोबळ आहे, पण तुम्ही पायरीच्या खाली उभ्या नाही आहात एवढं तिच्यातून कळतं. वाचण्यापुरते शब्द तुमच्याकडे आहेत. ते बोलताना हाताशी येत नाहीत, ही तुमची अडचण. ती वेगळी आहे आणि तिचा उपायही वेगळा.

नव्या शब्दांच्या मागे धावण्यात आणखी एक तोटा आहे, तो हिशेबाचाच. इंग्रजीतले सर्वांत जास्त वापरातले दोन हजार शब्द साध्या मजकुराचा ८० टक्क्यांहून अधिक भाग व्यापतात. पुढचा प्रत्येक हजार मात्र थोडी थोडीच भर घालतो. तुमच्या पातळीवर पाठ केलेला नवा शब्द पुन्हा भेटायला महिने लागू शकतात, आणि तोवर तो विसरलेला असतो. त्यातून तुमची यादी! ‘ऑब्सीक्विअस’, ‘लुग्युब्रिअस’, ‘पल्क्रिट्यूड’. ही जातकुळी मी ओळखते. अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्यांच्या जीआरई परीक्षेत पूर्वी सुटे विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसंबंध विचारायचे, त्या काळातल्या या याद्या. ते प्रश्न २०११ मध्येच परीक्षेतून गेले, याद्या मात्र अजून छापल्या जातात, अॅपमध्येही शिरतात. ‘पल्क्रिट्यूड’ म्हणजे सौंदर्य. गोळ्यांच्या पट्ट्या तपासणाऱ्या विभागात हा शब्द लागेल असा प्रसंग मला कल्पनेतही उभा करता आला नाही.

आता दुसरं गृहीतक: इंग्रजी शब्दासमोर मराठी अर्थ लिहिला की शब्द आला. ‘मीट’ घ्या. पाचवीच्या पुस्तकात भेटलेला शब्द, अर्थ ‘भेटणे’. पण तुम्हीच रोज अहवालात लिहिता, ‘द सॅम्पल डझ नॉट मीट द स्पेसिफिकेशन’. इथे कुणी कुणाला भेटत नाही. डेडलाईन ‘मीट’ करतात, टार्गेट ‘मीट’ करतात, अपेक्षा आणि खर्चही ‘मीट’ करतात. ‘रेझ’ बघा. प्रश्न, हरकत, आवाज, पैसा, पगार, मूल, तापमान, तुमच्या विभागातलं डेव्हिएशन, हे सगळं ‘रेझ’ होतं. ‘ड्रॉ’ म्हणजे फक्त चित्र काढणं नाही. सॅम्पल ‘ड्रॉ’ करता, निष्कर्ष ‘ड्रॉ’ करता, कुणाचं लक्ष ‘ड्रॉ’ करता, योजना ‘ड्रॉ अप’ करता. शब्दांची अशी सोयरीक ठरलेली असते, आणि ती कळल्याशिवाय शब्द कळला असं म्हणता येत नाही. लंडनचे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५०च्या दशकात हीच गोष्ट मांडली: शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. तुमच्या वहीत ही संगत कुठेच नाही. तिथे प्रत्येक शब्द एकटा, समोर बरोबरचं चिन्ह आणि एक मराठी अर्थ. म्हणून तो वेळेला येत नाही. आला तरी त्याच्या पुढेमागे काय ठेवायचं ते कळत नाही आणि तुम्ही मुकाट ‘प्रॉब्लेम’कडे वळता.

संगत माहीत नसली की ती जागा मराठीतली संगत घेते. आपण परीक्षा ‘देतो’, म्हणून ‘गिव्ह अॅन एक्झाम’ म्हणतो. इंग्रजांकडे परीक्षा ‘टेक’ करतात. आपल्याला ‘शंका’ असते, म्हणून ‘आय हॅव अ डाऊट’. आपापसात यात काहीच बिघडत नाही. भारतीय इंग्रजीला मी नावं ठेवणार नाही, ती आपल्या गरजेतून घडली आहे. पण परदेशी ग्राहकाला ‘आय हॅव अ डाऊट अबाऊट युवर रिपोर्ट’ म्हटलं तर ‘तुमच्या अहवालावर माझा विश्वास नाही’ असं त्याच्या कानाला लागू शकतं. तिथे ‘आय हॅव अ क्वेश्चन’. तसंच ‘आय विल रिव्हर्ट’. त्या बाजूला ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. ‘आय विल गेट बॅक टू यू’ म्हटलं की काम होतं. बघा, दोन्ही ठिकाणी बरोबर शब्द चुकीच्या शब्दापेक्षा सोपा आहे.

तुमच्या सहकारीबद्दल. तिच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त शब्द आहेत असं तुम्ही धरून चालला आहात. पुढच्या कॉलला एक प्रयोग करा. तुम्हाला बोलायचं नसेल तेव्हा कागद घ्या आणि ती काय म्हणते ते जसंच्या तसं टिपा. मला वाटतं कागदावर काहीसं असं येईल: ‘द थिंग इज’, ‘आय सी युवर पॉइंट, बट’, ‘जस्ट टू बी ऑन द सेफ साईड’, ‘लेट मी पुट इट धिस वे’, ‘अॅज फार अॅज आय नो’, ‘दॅट मेक्स सेन्स’. यातला एकही शब्द तुम्हाला अनोळखी नसेल. तिच्याकडे तयार तुकडे आहेत. तुकडा तोंडात असला की पुढचं वाक्य जुळवायला दोन क्षण मिळतात. तुम्ही प्रत्येक वाक्य सुट्या शब्दांपासून बांधता, म्हणून दमता. हे तुकडे तिला शाळेच्या मैदानावर फुकट मिळाले, तुम्हाला ते वेचावे लागतील. अन्याय आहे खरा, पण वेचण्यासारखे असतात.

कुठले वेचायचे? इथे मला तुमच्या मराठीकडे यायचं आहे, जिला तुम्ही घराबाहेर काढलंत.

कॉलवर तुम्ही अडता तेव्हा मनात काय असतं? मनात मराठी वाक्य पूर्ण तयार असतं, चांगलं नेमकं असतं, आणि त्याला इंग्रजी सापडत नाही. तो क्षण सोन्याचा आहे. त्या मराठी वाक्यासाठी एक छोटी वही ठेवा, पहिल्या पानावर लिहा ‘अडलेलं’. कॉल संपला की ते मराठी वाक्य लिहा. इंग्रजी नंतर शोधू. ‘आकड्यांचा ताळमेळ बसत नाही’ असं म्हणायचं होतं? ‘द नंबर्स डोन्ट अॅड अप’. ‘ही शक्यता नाकारता येत नाही’? ‘वी कान्ट रूल इट आऊट’. ‘मुळाशी जायला हवं’? ‘वी नीड टू गेट टू द बॉटम ऑफ धिस’. ‘ते चालढकल करताहेत’? ‘दे कीप पुटिंग इट ऑफ’. ‘आमच्या नजरेतून सुटलं’? ‘वी ओव्हरलुक्ड इट’. ‘उलट अंगाशी येईल’? ‘इट कुड बॅकफायर’. ‘आधीच कानावर घालून ठेवते’? ‘जस्ट अ हेड्स-अप’. शब्द बघा: अॅड, रूल, पुट, गेट, बॉटम. पाचवी ते सातवीचे शब्द, फक्त नव्या संगतीत. अशी अडलेली वाक्यं आठवड्याला दहा मिळाली तरी पुष्कळ. ती तुमचीच गरज आहे, पुढच्या आठवड्यात ती पुन्हा निघणार, म्हणजे उजळणी आपोआप होणार. यादीतल्या शब्दाला ही सोय नाही.

(जाता जाता: ‘ओव्हरसाईट’ हा शब्द तुमच्या खात्यात जपून वापरा. ‘क्वालिटी ओव्हरसाईट’ म्हणजे देखरेख आणि ‘अॅन ओव्हरसाईट’ म्हणजे नजरचूक. तपासनिसांसमोर या दोहोंची अदलाबदल नको.)

ही वही चालायची तर मराठी जिवंत हवी. ‘वेळ मारून नेणे’, ‘पाणी मुरणे’, ‘हात झटकणे’ यांतला फरक ज्याला जाणवतो, तोच इंग्रजीत नेमका तुकडा शोधत जातो. ज्याला मराठीत सगळंच ‘प्रॉब्लेम’ आहे त्याला इंग्रजीतही तो एकच शब्द पुरतो. मराठी बंद केल्याने इंग्रजी वाढतं, हा समज कुठून आला कोण जाणे. तासांचा हिशेब म्हणाल तर दिवसात इतर फुकट जाणारे तास आहेत, ते आधी काढा. दिवाळी अंक परत आणा.

इंग्रजी कुठून शोधायचं? शिकणाऱ्यांसाठी बनवलेला शब्दकोश वापरा. इंग्रजी-मराठी कोश अर्थ चटकन देतो, पहिल्या ओळखीला तो चांगलाच, त्याची लाज बाळगू नका. पण संगत दाखवायला शिकाऊ कोशच हवा. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन या तिघांचेही असे कोश ऑनलाइन फुकट आहेत, उच्चार ऐकवतात आणि वाक्यं देतात. लाँगमनने १९७८च्या पहिल्या आवृत्तीपासून सगळे अर्थ सुमारे दोन हजार सोप्या शब्दांतच सांगायचं बंधन पाळलं. या कोशांचा इतिहास मला फार आवडतो, कारण त्याची सुरुवात इंग्लंडबाहेर झाली. ऑक्सफर्डचा शिकाऊ कोश ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये शिकवत होते. जपानी विद्यार्थ्यांना शब्दाचा अर्थ कळायचा पण तो वाक्यात कसा बसतो ते कळायचं नाही, हे रोज बघून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर जो कोश रचला तो आधी १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने छापला. त्याआधी मायकेल वेस्ट हे शिक्षणाधिकारी ढाक्यात होते. बंगाली मुलांची इंग्रजी पुस्तकं दुर्मीळ शब्दांनी भरलेली बघून त्यांनी ती नव्याने लिहायला घेतली: नवे शब्द थोडे, अंतराने, आणि आले की पुन्हा पुन्हा. वापरातल्या सुमारे दोन हजार शब्दांची त्यांची यादी १९५३ मध्ये आली. तुमची तक्रार आणि ढाक्याच्या मुलांची तक्रार एकच आहे, शंभर वर्षांपूर्वीची.

नव्या शब्दांची यादी हवीच असेल, हाताला सवय झाली असेल, तर निदान बरी यादी घ्या. ऑक्सफर्डच्या संकेतस्थळावर पाच हजार शब्दांची यादी आहे. पहिले तीन हजार सोडा, पुढचे दोन हजार बी २ ते सी १ पातळीचे, म्हणजे नेमके तुमच्यासाठी. त्यातले कितीतरी तुम्हाला दिसताच ओळखू येतील. जे ओळखता पण कधी वापरले नाहीत त्यांच्यावर खूण करा. अगदी अनोळखी शब्दांपेक्षा हे अर्धवट ओळखीचे शब्द आधी घ्या, कमी कष्टात वापरात येतात.

विसरण्याबद्दल. आठवड्याने निम्मे शब्द जातात म्हणून तुम्ही स्वतःला दोष देता. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले, निरर्थक अक्षरसमूह पाठ केले आणि किती विसरतो ते मोजलं. १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. पाठ केल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत आणि दिवसांत गळती सर्वांत जास्त, मग ती मंदावते. अंतराअंतराने उजळणी केली की टिकतं. तुमची वही पुढेच जाते, मागे येत नाही, म्हणून गळते. दहाचे वीस केलेत तर गळतीही दुप्पट. पत्त्यांच्या आकाराचे कोरे कागद आणि तीन-चार खोके घेऊन हे काम होतं: आठवलं तर कार्ड पुढच्या खोक्यात, तिथे उजळणी लांबणीवर, विसरलं तर पहिल्या खोक्यात परत. सेबास्टियन लाइटनरची १९७२ची पद्धत. फोनवर हवं असेल तर ‘अँकी’ नावाचं अॅप हेच करतं, अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. फक्त तयार संच उतरवून घेऊ नका, कार्डं स्वतः बनवा. एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला तुमच्या कामातलं इंग्रजी वाक्य. किंवा इंग्रजी वाक्यात गाळलेली जागा: ‘वी कान्ट … आऊट कंटॅमिनेशन’. नुसता शब्द आणि नुसता अर्थ, असं कार्ड नको. कार्ड उलटण्यापूर्वी उत्तर मोठ्याने म्हणा. कंपनीच्या बसमध्ये मोठ्याने शक्य नसेल तर ओठ तरी हलवा. तुम्हाला शब्द ओळखायचे नाहीत, काढायचे आहेत.

वाचन चालू ठेवा, पण जरा अरुंद करा. एकाच लेखकाच्या तीन-चार गुन्हेकथा ओळीने वाचा, तेच पोलीस ठाणं, तेच शब्द परत परत येतील. अडलेला प्रत्येक शब्द शोधू नका, गोष्टीचा विचका होतो. दुसऱ्यांदा भेटला तर खूण, तिसऱ्यांदा भेटला तर वहीत. संदर्भावरून अर्थ ओळखायचा सल्ला सगळे देतात, पण तो अंदाज चुकतोही. म्हणून वहीत घेण्यापूर्वी कोश बघायचाच. ऐकण्यासाठी बीबीसीचे शिकणाऱ्यांसाठीचे सहा मिनिटांचे कार्यक्रम आहेत, पूर्ण लिखित मजकुरासह, फुकट. आधी ऐका, मग वाचा. उलट केलंत तर कान आळशी होतो.

आणि बोलायचं कसं? शिक्षकांमध्ये ४-३-२ म्हणून एक सराव आहे. दिवसभरात घडलेली एक खरी गोष्ट घ्या, समजा एखादं डेव्हिएशन: काय झालं, केव्हा कळलं, काय केलं. फोनवर रेकॉर्ड करत चार मिनिटं सांगा. लगेच तीच गोष्ट तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत. तिसऱ्या खेपेला वाक्यं आपोआप जुळतात, कारण तुकडे तोंडात बसलेले असतात. पहिल्या खेपेला जिथे ‘अं… अं…’ झालं ते ‘अडलेलं’ वहीत. पहिले काही दिवस स्वतःचा आवाज ऐकवत नाही, पुढे सवय होते. हल्ली बरेच जण ईमेल चॅटबॉटकडून लिहून घेतात. त्याने ईमेल सुधारतं, तुम्ही सुधारत नाही. त्याला उलटं वापरा: आपलं वाक्य आपण लिहा आणि ‘यात कुठली शब्दजोडी खटकते?’ एवढंच विचारा. शंका राहिलीच तर कोश आहे.

ऑडिटबद्दल माझं मत तुमच्या साहेबांपेक्षा वेगळं असेलसं वाटत नाही. त्यांनी तुम्हाला निवडलं ते विषय तुम्हाला कळतो म्हणून. तपासनिसासमोर श्रीमंत इंग्रजी कुणालाही नको असतं, आखूड आणि नेमकं हवं असतं. तुमच्या भीतीच्या नेमकं उलट आहे हे. तिथे ‘युज्वली’ आणि ‘ऑलवेज’ यांतला फरक अख्ख्या वहीपेक्षा मोलाचा. ‘युज्वली वी चेक’ म्हणालात की पुढचा प्रश्न येणार, मग कधी चेक करत नाही? ‘पॉसिबल’ आणि ‘प्रॉबेबल’, ‘रूट कॉज’ आणि ‘कॉन्ट्रिब्यूटिंग फॅक्टर’, ‘करेक्शन’ आणि ‘करेक्टिव्ह अॅक्शन’ या जोड्या तुम्हाला कागदावर पाठ आहेत, त्या तोंडी वळवा. ‘कम्प्लायंट’ आणि ‘कम्प्लेंट’ घाईत एकसारखे ऐकू येतात, त्यांचे उच्चार कोशात ऐकून वेगळे करा. आणि दोन-तीन वाक्यं अशी तयार ठेवा जी वेळ मिळवून देतात: ‘लेट मी चेक द रेकॉर्ड अँड कन्फर्म’, ‘कुड यू रिफ्रेज द क्वेश्चन, प्लीज?’ ही पळवाट नाही. तपासनिसाला अंदाजपंचे उत्तरापेक्षा हेच आवडतं. सहकारीला तपासनीस बनवा, दुपारच्या चहाला पंधरा मिनिटं. तिला तुमच्या विषयातलं काही विचारायचं असतंच, देवाणघेवाण होईल.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. परदेशी विद्यापीठात जाणाऱ्यांनी सर्वसाधारण याद्यांऐवजी अॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची शैक्षणिक शब्दांची यादी बघावी. तीत ५७० शब्दकुटुंबं आहेत आणि शैक्षणिक मजकुराचा सुमारे दहावा भाग तेवढ्यात येतो. ज्यांना कामासाठी नको, मालिका आणि पुस्तकांसाठी इंग्रजी हवं आहे, त्यांना कार्डं करायचीही गरज नाही. आवडीचं भरपूर वाचा, पुरे. आणि ज्यांना पानाला वीस-पंचवीस शब्द अडतात त्यांना मी वर म्हटलं ते लागू नाही. त्यांनी खरोखरच आधी नवे शब्द वाढवावेत, वापरातल्या पहिल्या तीन हजारांपासून, आणि सोपी केलेली पुस्तकं वाचावीत.

वय आणि माध्यम. महाराष्ट्रात २००० मध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तेव्हा तुम्ही तिसरी-चौथीत असाल. म्हणजे थोडक्यात चुकलात आणि इंग्रजी पाचवीत भेटलं. उच्चारांवर त्याचा थोडा परिणाम राहतो, शब्दांवर नाही. माणूस मातृभाषेतसुद्धा म्हातारपणापर्यंत नवे शब्द शिकत असतो. तुम्ही कालपरवाच नवं मशीन आलं तेव्हा त्याचे वीसेक भाग नावांनिशी शिकलात, असं तुमच्याच पत्रात आहे.

तिन्ही वह्या फेकू नका. एका रविवारी बसा आणि वर्षभरात इतरत्र कुठेही, वाचताना किंवा ऐकताना, एकदाही न भेटलेले शब्द खोडा. बराच भाग खोडला जाईल, वाईट वाटून घेऊ नका. उरलेल्यांना एकेक वाक्य द्या, कार्डांत घाला.

राहिला क्लास. ९० दिवसांत ३००० म्हणजे रोज ३३ शब्द, आणि आदल्या दिवसांची उजळणी वेगळी. नोकरी करणाऱ्या माणसाला हे झेपेल असं मला वाटत नाही, पण क्लास म्हणून वाईटच असेल असं दुरून म्हणणार नाही. बोलायला चार माणसं मिळणार असतील तर तेवढ्यासाठीही काही क्लास लावण्यासारखे असतात. पैसे भरण्यापूर्वी एक तास बसू द्या म्हणा आणि तीन गोष्टी विचारा. मागच्या महिन्यात शिकवलेल्या शब्दांची उजळणी कधी होते? एका तासात प्रत्येक विद्यार्थी किती मिनिटं बोलतो? माझ्या कामातली वाक्यं आणली तर त्यावर काम कराल का? तिसऱ्या प्रश्नाला ‘आमचं मटेरियल ठरलेलं असतं’ असं उत्तर आलं तर फी स्वतःजवळ ठेवा.